आल्प्समध्ये लहान मुलांना घेऊन स्कीइंग : तुमचे अनुभव लिहा

फेब्रुवारीची सुट्टी जवळ आली की मला तेच तेच मेसेज यायला लागतात. पोराला कितव्या वर्षी स्की शाळेत घालावं, ऑस्ट्रिया परवडतं की इटली, आपल्यालाच येत नसेल तर जाण्यात काही अर्थ आहे का, शाकाहारी काय मिळतं, आणि भारतातून आई-बाबा आलेत त्यांनी तिथे दिवसभर काय करायचं. दरवेळी प्रत्येकाला वेगळं टाइप करून वैताग आला म्हणून हा धागा. ज्यांनी पोराटोरांसकट केलंय त्यांनी लिहा, फसलं असेल तर तेही लिहा. वर फक्त कुठे राहता आणि मुलं तेव्हा केवढी होती ते टाका, कारण तीन वर्षांच्याला जे चालतं ते आठ वर्षांच्याला चालत नाही. हॉटेलांची जाहिरात नको प्लीज. पहिला नंबर माझाच.

म्युनिक, मुलं ४ आणि ७

आम्ही ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये सर्फाउसला जातो. सर्फाउस, फिस आणि लाडिस अशी तीन गावं मिळून एकच स्की भाग आहे. आम्ही दोघं सोलापूरचे, बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा, त्यामुळे कुठला डोंगर भारी वगैरे कळायचा प्रश्नच नव्हता. एकच निकष लावला, की मुलांची शिकायची जागा मोठी हवी आणि ती राहत्या जागेपासून रडत-कढत का होईना पण चालत गाठता आली पाहिजे. सर्फाउसमध्ये अजून एक मजा म्हणजे गावात गाड्या जवळजवळ नाहीतच, त्याऐवजी जमिनीखालून मेट्रो आहे! चौदाशे मीटरवरच्या एवढ्याशा गावात, १९८५ पासून, चार स्टेशनं, एका टोकाला पार्किंग आणि दुसऱ्या टोकाला केबलकार, आणि फुकट. आमच्या धाकट्याला विचाराल तर सुट्टी त्या मेट्रोसाठीच असते, मध्ये मध्ये स्कीइंग.

स्की शाळेचं सांगते. पहिल्या सकाळी धाकट्याने असा काही गळा काढला की मी त्याला परत घेऊनच निघाले होते, तर टीचर मला म्हणाली तू दिसणार नाहीस अशा ठिकाणी जा. आम्ही दोघं शेडच्या मागे उभे राहून डोकावत होतो. आई दिसेनाशी झाली तसा आवाज बंद, आणि थोड्या वेळाने साहेब सरकत्या पट्ट्यावर उभे राहून वर चाललेत. त्या पट्ट्यावर पोरं नुसती उभी राहतात, वर पोचतात, टीचर खालून ओरडते "पिझ्झा!" म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, की वेग कमी होतो. "पॉम्स!" म्हणजे दोन्ही समांतर, फ्रेंच फ्राईजसारखी, मग सुसाट. आमच्याला पॉम्स लगेच आलं, पिझ्झा यायला आठवडा गेला. शेवटी शुक्रवारी शर्यत असते, सगळ्यांना मेडल, आणि लाउडस्पीकरवर आमच्या आडनावाची जी काय वाट लागते ती ऐकायला तरी जावं.

एकच सांगेन, ४ वर्षांच्या मुलाला पूर्ण दिवस घालू नका, सकाळचे दोन तास भरपूर झाले. मोठी मात्र दिवसभर जाते, जेवणही तिकडेच. आणि ते एकसलग गोंडस सूट असतात ना, फोटोत छान दिसतात, पण सगळं चढवून बूट घालून झाल्यावर "आई, शू" येणारच आहे. पँट आणि जाकीट वेगळं घ्या.

झुरिक, मुलगी ६

ताई, बुटांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण निम्मी रडारड तिथूनच सुरू होते. आपल्याकडची सवय अशी की थंडी आहे ना, मग घाला दोन-दोन मोजे. अजिबात नाही. एकच पातळ, लांब स्की मोजा, त्यावर थेट बूट. दोन घातले की घडी पडते, पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची कडसुद्धा बुटाच्या आत जाऊ देऊ नका, नडगीवर वळ उठतो. आणि पुढच्या वर्षी होतील म्हणून मोठे बूट तर मुळीच नकोत, आत पाय हलला तर स्की वळतच नाही, मग पोर म्हणतं मला जमत नाही आणि आपण म्हणतो लक्ष देत नाहीस.

इकडे स्वित्झर्लंडमध्ये मुलांचा सगळा संच अख्ख्या सीझनला भाड्याने मिळतो. शरद ऋतूतच जाऊन घ्यायचा, जानेवारीत गेलं की मापाचं काही उरलेलं नसतं. ट्रेनने जात असाल तर ज्युनिअर कार्ड काढा, वर्षाला ३० फ्रँक आणि ६ ते १६ वयाचं मूल आई किंवा बाबांबरोबर फुकट, बऱ्याच केबलकारही त्यात येतात. सहाच्या आतलं तर तसंही फुकटच.

स्विस स्की शाळांचा स्नोली नावाचा ससा आहे, त्याच्यापायी काहीही करतात पोरं. परीक्षा ब्लू प्रिन्सपासून सुरू, मग ब्लू किंग, ब्लू स्टार, पुढे लाल आणि काळी. आमची ब्लू प्रिन्स झाली तेव्हा तिने पुण्यात आजीला फोन करून सांगितलं की मी आता राजकुमार आहे. आजीने बिचारीने विचारलं, बरं, मग राजकन्या कोण.

लंडन, जुळे मुलगे, वय ५

आम्हाला हाफ टर्मशिवाय (सत्राच्या मधली आठवड्याची सुट्टी) पर्याय नाही, शाळा सुट्टी देत नाही, आणि त्याच आठवड्यात सगळं इंग्लंड आणि अर्धं फ्रान्स डोंगरात असतं. त्या आठवड्याचे विमानाचे आणि खोल्यांचे भाव बघून नवरा म्हणाला एवढ्यात दोनदा भारतात जाऊन येऊ. आणि तो काही अगदीच चूक नव्हता.

फ्रान्समधल्या व्हाल तोरेन्सला गेलो होतो. गावच २३०० मीटरवर आहे त्यामुळे बर्फाची काळजी नाही, पण वारा सुटला की झाडाचा आडोसा नाही, आणि दोघंही पहिल्या रात्री धड झोपले नाहीत, पाणी पाणी करत होते. पुन्हा गेलो तर लहान मुलांना घेऊन एवढं उंच राहणार नाही. त्यात शनिवार ते शनिवारच बुकिंग, त्यामुळे शनिवारी आल्बेरव्हिल ते मुतिए हा रस्ता म्हणजे निव्वळ पार्किंग. पोळीचे रोल करून नेले होते म्हणून निभावलं. ट्रान्सफरच्या कंपनीने सीट बुक केलेल्या असूनही कार सीट दिल्या नाहीत, तासभर भांडून मिळवल्या, तेव्हा लेखी घेऊन ठेवा.

बाकी फ्रान्समध्ये निळ्याच्या आधी हिरवी पिस्त (म्हणजे स्कीचा आखलेला उतार, रंगावरून किती अवघड ते कळतं) असते, सर्वात सोपी, ती नवशिक्यांना फार बरी. ऑस्ट्रिया-इटलीत थेट निळ्यापासून सुरू. शाळेत पियू-पियू, मग अस्वलाचं पिल्लू, मग हिमकण अशा पायऱ्या. एक जण अस्वल झाला आणि दुसरा पियू-पियूच राहिला. जुळ्यांच्या आयांना पुढचं सांगायला नको.

बाझल, मुलं ३ आणि ९, सोबत नाशिकहून आई-बाबा

आजी-आजोबांचा प्रश्न आला म्हणून खास लिहितेय. आईचे गुडघे, बाबांचं बीपी, त्यांना स्की वगैरे शक्यच नाही, आणि नुसतं हॉटेलात बसवून ठेवायचं तर त्या दोघांच्यात टीव्हीवरून युद्ध. आम्ही स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युन्डनमध्ये बेर्ग्युनला राहिलो. तिथे प्रेडा ते बेर्ग्युन असा साधारण सहा किलोमीटरचा घाटरस्ता हिवाळ्यात गाड्यांना बंद करतात आणि तो अख्खा रस्ता स्लेजसाठी! लाकडी स्लेज भाड्याने घ्यायची, लाल ट्रेनने वर प्रेड्याला जायचं, घसरत खाली, परत ट्रेन. ही अल्बुला लाइन, २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दोन गावांमध्ये चारशे मीटरच्या वर चढ आहे आणि तो चढायला ट्रेन बोगद्यातून गोल गोल फिरते, एकाच दरीवरून पुन्हा पुन्हा पलीकडे जाते.

तर झालं असं की बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. पहिल्या फेरीनंतर ते खाली उतरायलाच तयार नाहीत. आई आणि ते दोघं खिडकीत बसून वर-खाली, वर-खाली, आणि आम्ही रस्त्यावरून घसरत असताना वरच्या पुलावरून ट्रेन गेली की मोठा हात हलवून बघायचा. कोणत्या बोगद्यात डबा किती कलतो यावर बाबांनी टीसीबरोबर चर्चा केली, बाबा मराठी-इंग्रजीत, तो जर्मनमध्ये, दोघंही खूश. संध्याकाळी रस्त्यावर दिवे लावतात, तेव्हाही चालू असतं. तीन वर्षांच्याला स्लेजवर पुढ्यात घेतलं, हेल्मेट घालूनच, ब्रेक म्हणजे आपले बूट, त्यामुळे जाड सोल हवेत. मोठ्याने दोन दिवस स्की शाळा केली आणि मग म्हणाला स्लेजच बरी. आम्ही म्हटलं बरं.

ॲमस्टरडॅम, मुलगा ५

सगळ्यांचं छान छान चाललंय म्हणून उलटा अनुभव. आमच्याला आवडलं नाही. बूट नको, हेल्मेट नको, टीचर जर्मन बोलते ते नको. ओळखीतले सगळे म्हणत होते तिसऱ्या दिवशी मजा यायला लागते, आम्हाला तो तिसरा दिवस काही भेटला नाही. उरलेला आठवडा स्विमिंग पूल, बर्फातला माणूस आणि बटाट्याचे काप यांत गेला आणि तेव्हा तो इतका आनंदात होता की मीच बायकोला म्हटलं सोड. म्हणून सल्ला, पहिल्याच सकाळी मुलाचा लिफ्टचा आठवड्याचा पास घेऊ नका. शिकायच्या मैदानावर बऱ्याच ठिकाणी पास लागत नाही किंवा पॉइंट कार्डावर भागतं, आधी तेवढं करून बघा.

गाडीने जाणाऱ्यांनी टायर बघा. इकडे हॉलंडमध्ये विंटर टायर सक्तीचे नाहीत, पण ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल रस्त्यावर बर्फ असेल तर लागतातच. टायरवर लावायच्या साखळ्या डिकीत तळाशी ठेवू नका, वर ठेवा, आणि घरी अंगणात एकदा लावून बघा. टिरोलमधल्या फर्नपास घाटातून शनिवारी जायचं असेल तर डबा आणि देवाचं नाव.

व्हिएन्ना, मुली ८ आणि ११

इथली पोरं चालायच्या आधी स्की करतात, शाळेचाच स्की कोर्स असतो. त्यामुळे आमच्या घरी उलटी गंगा, मुली शिकवतात आणि मी चाळिशीत शिकतोय. दोघी खाली उभ्या राहून कंटाळलेल्या चेहऱ्याने बाबाची वाट बघतात. इन्सब्रुकवरून जाताना मी त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं की १९६४ च्या इथल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, जेरेमी बुजाकोव्स्की, आणि तो स्कीइंगचाच. धाकटी म्हणाली, तुला शिकवायला आहे का तो?

मिलान, मुलगा ६

खाण्याचं कोणीच नीट लिहिलं नाही. आम्ही शुद्ध शाकाहारी, इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्ये सायझर आल्मला गेलो आणि अजिबात उपाशी राहिलो नाही. श्लुट्सक्राप्फेन म्हणजे पालक आणि रिकोटा चीज भरलेली, दिसायला करंजी, वरून वितळलेलं लोणी. पालकाचे किंवा चीजचे क्नोडेल (पावाचे उकडलेले गोळे) चालतात, पण स्पेक लिहिलेलं असेल तर ते डुकराचं. बार्लीच्या सूपमध्येही ते बहुधा असतंच, विचारून घ्या. मुलाचं जेवण म्हणजे कैझरश्मारन, गोड पॅनकेकचे तुकडे आणि सफरचंदाचा गर, रोज, दोन्ही वेळ, मी वाद घातला नाही. ज्वारीच्या भाकरीची आठवण आलीच तर भाडेखोलीत स्वयंपाकघर असतं, कुकर मात्र घरून न्यावा लागतो.

जागा लहान मुलांना उत्तम, वर मोठं सपाट पठार, उतार मंद. खासगी गाडी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वर नेता येत नाही, खाली झाइसमधून केबलकारने जायचं. इटलीत हेल्मेट २०२२ पासून १८ च्या आतल्यांना सक्तीचं होतं, नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्यांनाच आहे, आणि दुसऱ्याला इजा झाली तर त्याचा विमाही प्रत्येकाकडे लागतो. नसेल तर पासच्या काउंटरवर मिळतो.

न्यूरेंबर्ग, मुलगी ७

विम्याचं निघालंच आहे तर. माझ्या मुलीची नडगी मोडली, निळ्या पिस्तवर, वरून आलेला एक मोठा माणूस तिच्यावर आदळला. नियम स्पष्ट आहे, पुढे जो आहे त्याचा हक्क आधी, वरून येणाऱ्याने वाट काढायची. पण तो नियम सात वर्षांच्या पायाला सांगून उपयोग नाही. पहिल्यांदा आम्ही काय केलं तर दोन स्की वरच्या बाजूला उभ्या फुलीसारख्या रोवल्या, म्हणजे येणाऱ्यांना लांबून दिसतं, आणि तिचा बूट काढला नाही. बूट काढायचा नाही हे लक्षात ठेवा, ते काम रेस्क्यूवाल्यांचं. ते स्लेज घेऊन आले, तिला गुंडाळून बांधलं आणि खाली दवाखान्यात. ऑस्ट्रियात डोंगरातल्या मदतीला १४०, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरसाठी १४१४, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. त्या माणसाचं नाव-पत्ता तिथेच लिहून घेतला, विम्याला नंतर त्याचीच गरज पडली. हेलिकॉप्टर लागलं नाही, पण डोंगरातून उचलून आणायचा खर्च तुमच्या विम्यात आहे का ते निघण्याआधी वाचा, साध्या आरोग्य विम्यात बऱ्याचदा नसतो.

आणि दुकानात बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडल्यावर सुटणारा खटका) लावताना वजन खरं सांगा. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी यावर ते किती जोराला सुटणार ते ठरतं. आयांनो, तुमचंही खरं सांगा.

पुढच्या हिवाळ्यात ती परत गेली. मीच टी-बारवर (दोघांना मागून ओढत वर नेणारा उलट्या T सारखा दांडा) तिच्याबरोबर जायला घाबरत होते. तो बार माझ्या गुडघ्यामागे येतो आणि तिच्या पाठीवर, मी वाकून चालते आणि ती हसते. पाच-सहा वर्षांच्यांना घेऊन टी-बार शक्यतो टाळा, खुर्चीची लिफ्ट किंवा पट्टा असलेली जागा बघा.

म्युनिक, परत मीच

मस्त लिहिताय सगळे. ज्यांना भाड्याने नको, विकतच हवंय त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळांचे आणि क्लबांचे स्की बाजार बघा, जुनं सामान फार स्वस्तात मिळतं. फक्त हेल्मेट जुनं घेऊ नका, ते आधी आपटलंय की नाही कळत नाही. आमच्याकडे ९० सेंटीमीटरची स्की आणि त्यावरचे बूट पडून आहेत, धाकट्याला आता होत नाहीत. म्युनिकमध्ये कोणाला हवे असतील तर घेऊन जा, बाइंडिंग तेवढं दुकानातून नव्याने लावून घ्यावं लागेल.