वॉरियर्सचे प्लेऑफ: तुम्ही कुठे होतात आणि काय भोगलंत?

खडीसाखर

परवा पाहुण्यांना ओकलंड विमानतळावर सोडून येताना ८८० हायवेवरून वॉरियर्सचं जुनं स्टेडियम ओरॅकल दिसलं. आपली ही एनबीएची (अमेरिकन बास्केटबॉल लीगची) टीम २०१९ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोला गेली, पाटीवरचं नावही बदललं. तरी ती इमारत दिसली की पोटात काहीतरी होतंच. आणि गंमत बघा, आठवली ती २०१५ ची ट्रॉफी नाही, २०२२ चीही नाही. आठवली १९ जून २०१६ ची संध्याकाळ.

त्या सीझनला ७३ जिंकून फक्त ९ हरलो होतो, शिकागोचा ७२ चा विक्रम मोडून. प्लेऑफ म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या, प्रत्येक सिरीजमध्ये सातपैकी चार जिंकायचे; फायनलला क्लीव्हलंडवर ३-१ आघाडी. मग आपल्या ड्रेमंडला पाचव्या सामन्यात बंदी, त्याच सामन्यात बोगट जायबंदी, सहावा हरलो आणि सातवा आपल्या घरी. रविवार, त्यात फादर्स डे. नवऱ्याच्या आवडीची श्रीखंड-पुरी केलेली. सासरे भारतातून आलेले, त्यांना थ्री म्हणजे लांबून मारलेले तीन गुण हे मी मधूनमधून समजावत होते. ड्रेमंड त्या दिवशी वेड्यासारखा खेळला, ३२ गुण. सासऱ्यांना वाटलं टीमचा मुख्य खेळाडू तोच.

शेवटची साडेचार मिनिटं आपला एक गुण नाही. ८९-८९. आपला इगुडाला बास्केटकडे सुटला, मी उभी राहून ओरडायला तोंड उघडलं आणि मागून त्यांच्या लेब्रॉनने चेंडू बोर्डावर दाबला. मग ५३ सेकंद उरलेले असताना आपल्या स्टेफ करीच्या तोंडावर त्यांच्या कायरी अर्विंगचा थ्री. ९३-८९. सासरे म्हणाले, "एवढं काय त्यात, पुढच्या वर्षी आहेच की." कोणीच काही बोललं नाही. मी पुऱ्यांचा डबा बंद करून आत गेले.

पुढच्या वर्षी ड्युरंट आपल्याकडे आला आणि प्लेऑफमध्ये १६ जिंकून एकच हरलो. त्यातला एखादा सामना सविस्तर सांग म्हणाल तर मला सांगता येणार नाही. सगळं कसं गुळगुळीत. ही हार मात्र पास-पास पाठ आहे.

तर लिहा. कुठे होतात, कोणाबरोबर होतात, काय फोडलंत. हरलेले आधी.

टिचकी

रिमोट फोडला. पुढचा प्रश्न?

बोरघाट

ताई, जखमेवरची खपली काढलीत.

मी तेव्हा पुण्यात. सामना सोमवारी पहाटे साडेपाचला. आई साडेपाचला उठून बघते तर मी टीव्हीसमोर पांघरूण घेऊन. तिला वाटलं अभ्यासाला उठलाय, चहा आणून दिला. अर्ध्या तासाने माझा आवाज ऐकून बाबा उठले. सातव्या सामन्यात आपल्या एझेलीने लेब्रॉनला थ्री मारताना फाउल केला ना, तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते बाबांनी पहिल्यांदा ऐकलं. घरात नंतर बराच वेळ शांतता होती आणि ती हरल्यामुळे नव्हती.

आपल्या हॅरिसन बार्न्सबद्दल मी काही बोलणार नाही. मोकळा उभा राहून राहून मारत होता बिचारा, एक जाईल तर शपथ.

चिंगी

आमच्याकडे आई फक्त करीसाठी बघते. नियम कळत नाहीत, स्कोअर कळत नाही. फ्री थ्रोच्या वेळी तो तोंडातलं माउथगार्ड अर्धं बाहेर काढून चघळतो ना, त्याचा तिला भयंकर राग. "आधी ते काढ म्हणावं तोंडातून. एवढा मोठा झाला, दोन-तीन लेकरांचा बाप." आणि मग त्याने मारला की देवाकडे बघून हात जोडते. २०२३ ला सॅक्रामेंटोच्या सातव्या सामन्यात ५० केले तेव्हा म्हणाली, आज चघळू दे.

नागपुरी संत्रं

काय रडून राहिले बे सगळे २०१६ साठी. २०१६ च्याच त्याआधीच्या सिरीजचं कोणी बोलत नाही. ओक्लाहोमा ३-१ ने पुढे होती आपल्या, सहावा सामना त्यांच्या घरी, आणि आपल्या क्ले थॉम्पसननं ११ थ्री हाणले. ४१ गुण! काही काही तर इतक्या लांबून की मारायच्या आधी मी "नको नको नको" म्हणून राहिलो होतो आणि गेल्यावर "वा वा वा". तेव्हा मी कॉलेजात, मॅच संपली तशी आम्ही पोरं थेट कोर्टावर गेलो, मे महिन्यातलं नागपूर, चप्पल वितळेल असं ऊन, आणि सगळे अर्ध्या कोर्टावरून थ्री मारून राहिले. एकही गेला नाही. चौकीदारानं हाकललं.

३-१ ची ती आघाडी आपण फोडली, मग पुढच्याच सिरीजमध्ये आपली फुटली. याला म्हणतात हिशोब.

खडीसाखर

@नागपुरी संत्रं, हो रे, तो सामना मीही बघितला होता. क्ले गप्प माणूस, पण डोळे फिरले की फिरले.

अण्णू

तुम्ही सगळे २०१५ नंतरचे दिसताय. आम्ही २००७ चे. त्याआधी १९९४ नंतर प्लेऑफचं तोंड पाहिलं नव्हतं. तिकिटं अशी मिळायची की कंपनीत कोणीतरी मेल टाकायचं, "चार आहेत, फुकट, कोणाला हवीत?" आणि उत्तर यायचं नाही.

त्या वर्षी कसंबसं आठव्या नंबरवर आत घुसलो आणि समोर डॅलस. ६७ जिंकलेली टीम, त्यांचा डर्क नोविट्झकी त्या सीझनचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. डॉन नेल्सन आपला कोच, तो आधी डॅलसलाच होता, त्यामुळे डर्कची नस न नस माहीत. डर्कला उंच माणूस लावायचाच नाही, छोटे चिवट लोक अंगाला चिकटवायचे. सहाव्या सामन्यात डर्कने १३ पैकी २ मारले. आपल्या स्टीफन जॅक्सनने ३३ केले. १११-८६.

मी वरच्या शेवटच्या रांगांत होतो. सगळ्यांच्या अंगात तो पिवळा टी-शर्ट. शेजारी एक जाडजूड गृहस्थ, कधी न पाहिलेला. शेवटच्या क्वार्टरला त्याने मला उचलला. अक्षरशः उचलला. बाहेर पडल्यावर कोलिझियमच्या बार्ट रेल्वे स्टेशनच्या त्या पुलावर गर्दी इतकी की पाय उचलायची गरज नाही, लोकच नेत होते. पुलावरचे विक्रेतेसुद्धा विकायचं सोडून नाचत होते.

पुढे युटाने ४-१ ने घरी पाठवलं, पण त्यातही आपल्या बॅरन डेव्हिसने त्यांच्या किरिलेंकोच्या डोक्यावरून जो डंक मारला (उडी मारून चेंडू बास्केटमध्ये कोंबला) तो बघायचा असेल तर बघा. जिंकलेल्या त्या एका सामन्यावर आम्ही वर्षभर जगलो.

पूर्वेचा वारा

अण्णूकाका, तुमची पिढी वेगळीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या चेस सेंटरला आता एका तिकिटाला जातात त्या पैशांत कोकणात जाऊन येईन मी सहकुटुंब.

अण्णू

काका?? बरं.

टिचकी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

रात्रपाळी

मला आपल्या एकट्या केव्हॉन लूनीबद्दल लिहायचंय. २०२३, सॅक्रामेंटो. सगळे करी करी करतात, पण त्या एका सिरीजमध्ये या माणसाने तीन सामन्यांत वीस किंवा जास्त रिबाउंड (चुकलेले चेंडू) घेतले. लग्नात वाढपी असतात तसा आहे तो, फोटोत कुठेच नाही पण तो नसता तर पंगत उठली नसती. करीचा थ्री चुकतो, लूनी घेतो, परत करीला देतो. दुसऱ्यांदा जातो. हायलाइटमध्ये फक्त दुसरं दाखवतात.

मी नर्स आहे, त्या सिरीजला रात्रीच्या ड्युट्या होत्या. ब्रेकमध्ये फोनवर फक्त स्कोअर. एक पेशंट आजोबा सॅक्रामेंटो किंग्जचे फॅन, सोळा सीझन हुकल्यावर त्यांची टीम प्लेऑफमध्ये आलेली. बीपी घ्यायला गेले की आधी विचारायचे, "किती झाले?" मी खरं सांगितलं तर बीपी वाढणार, खोटं कसं सांगू. शेवटी ठरवलं, आधी कफ बांधायचा, आकडा लिहायचा, मग स्कोअर सांगायचा.

दादरकर

किंग्जचा विषय निघालाच आहे तर अवांतर: त्यांचे मालक विवेक रणदिवे, मूळ मुंबईचे. आधी वॉरियर्सच्याच मालकांपैकी एक होते, तो हिस्सा विकून २०१३ मध्ये किंग्ज घेतली. आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळले होते. मी दुसऱ्या दिवशीचा सामना बघितला. पहिला ओव्हरटाइममध्ये एका गुणाने गेला होता, माझ्या वाटणीला एकतर्फी आला. नशीब. पण माझ्या मागच्या रांगेत नागपाड्याची पोरं होती, त्यांची कॉमेंट्री सामन्यापेक्षा भारी. एनबीएच्या खेळाडूला "अबे पास दे ना, घर ले जाएगा क्या" म्हणत होते. नागपाड्यात बास्केटबॉल किती मुरलंय ते तिथे कळतं.

प्लेऑफ नव्हते, माहितीये. धागा भरकटवल्याबद्दल दिवे घ्या.

चिंगी

@दादरकर, डोमला पार्किंग मिळालं होतं का? आम्ही एकदा एका कार्यक्रमाला गेलो होतो तर महालक्ष्मीपासून चालत.

दादरकर

टॅक्सी. वरळीला गाडी नेऊ नये.

मिसिसागाकर

टोरांटोहून लिहितोय, मारू नका. २०१९ ची आमची-तुमची फायनल. पाचवा सामना आमच्या घरी होता, मी बाहेरच्या चौकात, मोठ्या पडद्यासमोर. ड्युरंट महिन्याभराने परत आला, आल्या आल्या थ्रींचा सपाटा, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये टाच धरून खाली बसला. तेव्हा आमच्यातल्या काहींनी आनंदाने ओरडा केला. आतही तेच झालं, आमच्याच खेळाडूंनी हात करून लोकांना गप्प केलं. चॅम्पियन झाल्याचा आनंद आजही आहे, पण तो आवाज कानातून जात नाही. माझ्याबरोबर मुलगा होता, सातवीतला. तो म्हणाला, "बाबा, हे का हसतायत?" मला उत्तर देता आलं नाही.

तो सामना तुम्ही एका गुणाने जिंकलात, सहावा आम्ही ओकलंडमध्ये.

(आमचे कट्टर फॅन नव भाटिया बास्केटशेजारी पगडीत बसलेले दिसले की आमच्या घरी टीव्हीला टाळ्या पडतात. क्लबने त्यांना चॅम्पियनशिपची अंगठी दिली, खेळाडूंना देतात तशी.)

बोरघाट

दादा, लिहिलंत हे बरं केलंत. त्या सहाव्या सामन्यात क्लेचा गुडघा गेला. आत बोगद्याकडे नेत होते, मग कळलं फ्री थ्रो मारले नाहीत तर परत खेळता येणार नाही. वळला, लंगडत आला, दोन्ही मारले. लिगामेंट तुटलेलं होतं! ओरॅकलमधला शेवटचा सामना तो. ११४-११०. शेवटी करीकडे पुढे जायची संधी होती, थ्री रिमला लागून बाहेर.

मग क्ले दोन अख्खे सीझन बाहेर. २०२२ ला बॉस्टनमध्ये जिंकल्यावर तो ज्या चेहऱ्याने फिरत होता...

खडीसाखर

२०२२ चा चौथा सामना! बॉस्टनमध्ये, आपण २-१ ने मागे, करीचे ४३. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस रागावलाय. एरवी हसतखेळत मारतो. आणि पाचव्यात त्याचा एकही थ्री गेला नाही तर आपल्याच विगिन्सने सांभाळलं. विगिन्सला लोक विसरतात, लिहून ठेवा कोणीतरी.

नागपुरी संत्रं

लिहून ठेवलं. विगिन्स. खाली सही पण केली.

पूर्वेचा वारा

ह्यूस्टनवाले कोणी नाहीत का इथे? २०१८ च्या सातव्या सामन्यात लागोपाठ २७ थ्री चुकवले त्यांनी. स्वतःच्या घरी. माझा मावसभाऊ तिथे राहतो, कट्टर रॉकेट्स. विसाव्यानंतर त्याने मेसेज करणं बंद केलं. लग्नात भेटला तेव्हा मी जेवणाचं ताट हातात घेऊन फक्त "सत्तावीस" म्हणालो, तो उठून दुसऱ्या टेबलवर गेला. मावशी अजून विचारते तुमचं काय बिनसलंय.

तरी त्यांच्या ख्रिस पॉलचा मांडीचा स्नायू दुखावला नसता तर ती सिरीज त्यांची होती. हे त्याला सांगू नका.

रात्रपाळी

@पूर्वेचा वारा, दुष्ट आहात :)

मांडीचा स्नायू म्हटलं की मला २०२५ आठवतं. ह्यूस्टनला सातव्या सामन्यात हरवलं, आपल्या बडी हील्डने ३३ केले, मी म्हटलं आता जमलं. दोनच दिवसांनी मिनेसोटात पहिल्याच सामन्यात करीने मांडी धरली. तो सामना जिंकलो आणि पुढचे चार सरळ हरलो. तो मांडीमागे हात नेतो ते बघूनच कळलं होतं. आमच्या धंद्यात लोक कुठे हात नेतात ते आधी बघतात.

टिचकी

कोणी २०२४ चं प्ले-इन (प्लेऑफमध्ये शिरण्यासाठीचा सामना) काढू नका प्लीज. क्ले १० पैकी ०. वॉरियर्सच्या जर्सीतला शेवटचा सामना.

अण्णू

काढलंस की तूच.

कावळाकोलंबस

ओहायोहून सर्वांना नमस्कार.

खडीसाखर

हाकला याला.

कावळाकोलंबस

अहो ताई, ऐका तरी. तुम्हाला फादर्स डेला श्रीखंड-पुरी मिळाली, आमच्या क्लीव्हलंडला १९६४ नंतर एकही मोठी ट्रॉफी नव्हती. माझा शेजारी ऐंशीच्या पुढचा, शेवटची सेकंदं झाल्यावर बनियनवर रस्त्यात आला आणि मला म्हणाला, आता मेलो तरी चालेल. अजून आहे, परवाच माझ्याकडून बर्फ काढायचं फावडं नेलंय, परत दिलेलं नाही. बुधवारी क्लीव्हलंडला मिरवणूक होती, आम्ही कोलंबसहून पहाटे निघालो तरी गाडी शहराबाहेर कुठेतरी सोडून चालावं लागलं. लोक पार्किंगच्या इमारतींच्या कठड्यांवर चढलेले.

तो लेब्रॉनचा ब्लॉक आमच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलाय. बायको म्हणते लग्नाचा फोटो कुठे गेला.

नागपुरी संत्रं

कुठे गेला बे?

कावळाकोलंबस

जिन्याखाली. सुरक्षित आहे.

बोरघाट

याला कोणीतरी सत्तावीस म्हणा.

कावळाकोलंबस

तो ह्यूस्टनचा आकडा, दादा. आमचा ३-१.