मदत हवी आहे : मुलांना हाताशी घेऊन घरी पास्ता, पहिलीच वेळ, मशीन नाही

रविवारची खटपट
या रविवारी मुलांबरोबर घरी पास्ता करायचा बेत आहे. मुलं ४ आणि ८ वर्षांची, खाणारे एकूण चौघं. मशीन नाही आणि एका प्रयोगासाठी घ्यायचंही नाही. घरात मैदा, रवा, चक्कीवरची कणीक, अंडी, डिजिटल काटा, पोळपाट-लाटणं आणि सोऱ्या आहे.
१. सगळीकडे १०० ग्रॅम मैद्याला १ अंडं लिहिलेलं दिसतं. ते प्रमाण आपल्याकडे चालतं का?
२. नुसत्या कणकेचा होईल का?
३. सोऱ्यातून पाडला तर?
४. चार वर्षांच्या मुलाला काय काम द्यावं?

नखुले
पहिल्या वेळेला अंड्याचा पास्ता नकोच. तो उत्तर इटलीतला, एमिलिया-रोमान्या भागातला. त्याची पोळी खालचा हात दिसेल इतकी पातळ लाटावी लागते, म्हणजे मुलांनी नुसतं बघत बसायचं. शिवाय मुलं पीठ चाटणार, आणि कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. कच्चं पीठही खाण्याजोगं नसतंच, तेव्हा चाटायचं नाही हे आधीच सांगून ठेवा.

दक्षिणेकडे, पुलियात, ड्युरम या कठीण जातीच्या गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावर काम भागतं. तिथला कावातेल्ली, म्हणजे बोटांनी वळलेल्या छोट्या खोलगट तुकड्यांचा पास्ता, करा. लाटणं लागत नाही, नुसती बोटं लागतात. रुखवतासाठी केलेले गव्हले-नखुले पाहिले असतील तर हे त्यांचंच मोठं भावंड.

पीठ : बन्सी रवा मिळाला तर उत्तम, कारण बन्सी हा आपल्याकडचा ड्युरमच. मात्र तो जाड असतो. मिक्सरमधून कोरडाच फिरवून मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. नाही मिळाला तर निम्मा मैदा, निम्मा चिरोटी रवा. उपम्याचा रवा तसाच वापरू नका. त्याचे दाणे आतून भिजत नाहीत आणि गोळा भुसभुशीत राहतो.

चौघांना ३०० ग्रॅम पीठ पुरतं. बन्सीला १५० मिली, मैदा-चिरोटीला १४० मिली कोमट पाणी. त्यातलं २० मिली बाजूला ठेवा आणि लागलंच तर घ्या. मीठ-तेल काही नको. ८ ते १० मिनिटं तिंबायचं. गोळा पुरीच्या कणकेहून घट्ट हवा. बोट दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की झालं. मग वाटी पालथी घालून अर्धा तास ठेवा. या अर्ध्या तासात मुलं कंटाळतात, म्हणून गोळा त्यांना बोलावण्याआधीच मळून ठेवलेला बरा. मळण्याची हौस असेल तर लिंबाएवढा गोळा वेगळा काढून हातात द्या.

कोंडा-मांडा
क्र. १ आणि २ बद्दल. इटालियन पाककृतीतलं अंडं कवचाशिवाय साधारण ५५ ग्रॅम धरलेलं असतं. आपल्या बाजारातलं बरेचदा ४५ ते ५० ग्रॅम भरतं. तीन अंड्यांमागे १५ ते ३० ग्रॅम ओलावा कमी पडतो, गोळा कोरडा होतो आणि माणूस मळून मळून थकतो. अंड्याचा करायचाच असेल तेव्हा अंडी फेटून वजन करा. १०० ग्रॅम मैद्याला ५५ ग्रॅम, कमी पडेल तिथे पाणी.

नुसत्या कणकेचा नको. जात्याखाली आणि चक्कीखाली दळताना स्टार्चचे कण फुटतात. म्हणून तर कणीक भरपूर पाणी पिते आणि पोळी मऊ राहते. पोळीचा हा गुण पास्त्यात दोष ठरतो. उकळत्या पाण्यात फुटका स्टार्च बाहेर येतो, तुकडे वरून गिळगिळीत होतात. त्यात कोंडा ग्लूटेनचे, म्हणजे गोळा धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे, धागे तोडतो. फार तर पाव हिस्सा कणीक घाला, आणि तीही बारीक चाळून. वरणफळांत चालतं, कारण ती वरणातच शिजतात आणि सुटलेला स्टार्च वरण दाट करतो.

सोऱ्या
माझ्या नावावर जाऊ नका, सोऱ्यातून पाडू नका. पास्त्याचं पीठ जितकं घट्ट लागतं तितकं हाताने दाबून उतरत नाही, दांडा वाकेल. उतरावं म्हणून सैल केलं तर तारा ताटात पडल्या पडल्या एकमेकींना चिकटतात. कुरडई उतरते, कारण तिचा चीक शिजवलेला असतो. दोन्हींची जात वेगळी.

नखुले
क्र. ४. चार वर्षांच्या मुलाला वळी करायला द्या. तळहाताने पुढे-मागे, त्याच्याच करंगळीएवढी जाड, म्हणजे जेमतेम १ सेंमी. आठ वर्षांच्या मुलाने बोथट सुरीने दीड सेंमीचे तुकडे करायचे. मग तर्जनी आणि मधलं बोट जोडून तुकड्याच्या पलीकडच्या कडेला टेकवायचं, दाबत दाबत स्वतःकडे ओढायचं. कड बोटांवर गुंडाळी होऊन येते आणि आत खोलगट पन्हळ राहते. रस्सा तिथेच अडकतो. तुकडा सपाट होऊन पाटाला चिकटला, तर दाब सरळ खाली पडतोय असं समजा. ओढ वाढवायला सांगा. रेघा हव्या असतील तर हेच जेवणाच्या काट्याच्या पाठीवर करा.

एका वेळी लिंबाएवढाच गोळा बाहेर, बाकीचा वाटीखाली. तयार झालेले ताटात रवा भुरभुरून एका थरात पसरा. मैदा भुरभुरू नका, ओल लागली की त्याची खळ होते. पंखा बंद. वाऱ्याने वरची साल वाळते, आत ओलं राहतं आणि पाण्यात टाकल्यावर तडकतं.

रविवारची खटपट
आत्ता करतोय, घाईत विचारते. निम्मा मैदा, निम्मा चिरोटी, १४० मिली पाणी. गोळ्याला भेगा आहेत. आणि मुलाची वळी वळतच नाही, पोळपाटावर नुसती घसरते.

नखुले
भेगांवर वरून पाणी ओतू नका. वरचा थर चिकट होईल, आतलं तसंच राहील. हात ओले करून ३ मिनिटं तिंबा, २० मिनिटं झाका. गरज पडली तर पुन्हा एकदा.

वळी घसरते कारण पोळपाटावर पीठ भुरभुरलंय. पोळीच्या सवयीने हात जातोच. पाट कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. लाकडाची पकड मिळाली की वळी फिरते. तरी घसरली तर पाटावरून किंचित ओला हात फिरवा.

रविवारची खटपट
फिरायला लागली! पण छोट्याचे तुकडे बोराएवढे झालेत. एकत्र शिजतील का?

कोंडा-मांडा
एकत्र टाकलेत तर बारीक विरघळायला येतील आणि बोरं कच्ची राहतील. दोन ताटं करा. जाड आधी, मग ३ ते ४ मिनिटांनी बाकीचे.

४ लिटर पाणी, खळखळ उकळी आल्यावर २५ ग्रॅम मीठ. तेल घालू नका, नंतर रस्सा निसटतो. टाकल्यावर लगेच एकदा तळापासून हलवा. दीड-दोन मिनिटांत वर तरंगतील, त्याला भुलू नका. पाच मिनिटांनी एक काढून मधोमध चिरा. आत पांढरा ठिपका दिसला तर अजून एक मिनिट. जाड तुकड्यांना एकूण ८ ते ९ मिनिटं धरा.

मुलं ओट्यापासून लांब. भांडं मागच्या शेगडीवर ठेवा. पातेलं उचलून निथळू नका, झाऱ्याने काढून थेट रश्शात घाला. सोबत वाटीभर ते पांढुरकं पाणी. त्यातल्या स्टार्चने रस्सा तुकड्यांना धरतो. टोमॅटोचा रस्सा करत असाल तर अर्धा किलो टोमॅटोला दोन चमचे तेल आणि चार लसूण पाकळ्या, मंद आचेवर २५ मिनिटं. आपले टोमॅटो आंबट असतात, साखरेऐवजी किसलेलं गाजर त्यातच शिजवा.

रविवारची खटपट
झाला, ताटं रिकामी. बोरं छोट्याने स्वतःच्या ताटात मोजून घेतली! कच्चे ताटभर उरलेत, वाळवून डब्यात भरू का?

सोऱ्या
घरात वाळवायच्या फंदात पडू नका. दमट हवेत वरून कोरडे वाटतात आणि आतून बुरशी धरते. ताटासकट फ्रीझरमध्ये ठेवा, तासा-दोन तासांत खडखडीत झाले की पिशवीत भरा. महिनाभर राहतात. वापरताना वितळवायचे नाहीत, गोठलेलेच उकळत्या पाण्यात. दोन मिनिटं जास्त.

आणि परात-पोळपाट गरम पाण्याने धुवू नका, खळ होऊन चिकटून बसेल. आधी सुकलेलं खरवडून केराच्या डब्यात, मग गार पाणी. सिंकमध्ये गेलं तर सोमवारी प्लंबर.