मदत हवी आहे: मुंजीच्या जुन्या व्हिडिओवर नावं टाकताना शिरोरेषा लुकलुकते, अक्षरं फुटतात

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहिते आहे.

मे २००१मध्ये दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी धाकट्या भावाची मुंज झाली. तेव्हाच्या तीन मिनीडीव्ही कॅसेट गेल्या महिन्यात संगणकावर उतरवून घेतल्या. दिवाळीत आईला पंच्याहत्तर पूर्ण होतील, त्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्या टीव्हीवर हे दाखवायचं आहे. पंगतीत बसलेली निम्मी माणसं आज नाहीत. घरातल्या मुलांना त्यातलं कोणीच ओळखू येत नाही. म्हणून जो माणूस समोर येईल त्याचं नाव आणि नातं खाली स्थिर अक्षरांत, आणि अगदी शेवटी बेचाळीस जणांची यादी खालून वर सरकत जाणारी, असं ठरवलं आहे.

व्हिडिओ जुळवायला केडेनलाइव्ह हे सॉफ्टवेअर वापरते. कॅसेटचं चित्रण इंटरलेस्ड (एक आड एक ओळींचं) असल्यामुळे प्रकल्पही तसाच, १०८०आय, २५ फ्रेमचा घेतला. अडचणी अशा:

नावाची शिरोरेषा टीव्हीवर सारखी थरथरते. संगणकावर तेच नाव शांत दिसतं. वहिनीच्या माहेरचे लोक गुजराती वाचतात, म्हणून मराठीखाली तेच नाव गुजरातीतही दिलं आहे. ती ओळ मात्र टीव्हीवरही अगदी स्वच्छ! वरची मराठी तेवढी लुकलुकते. हे पाहून मला फार वाईट वाटलं.

अक्षरं सुटी दिसावीत म्हणून थोडं अंतर वाढवलं, तर शिरोरेषेचे तुकडे झाले. काळी किनार दिली, तर प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभी काळी रेघ आली.

सुरुवातीचं ‘श्री गजानन प्रसन्न’ टाइप होत गेल्यासारखं एकेक अक्षर यावं अशी इच्छा होती. पण आधी नुसता ‘श’, मग पाय मोडका ‘श्’, मग ‘श्र’, आणि शेवटी ‘श्री’ असं होतं. देवाच्या नावाचं असं झालेलं बघवत नाही.

शेवटची यादी ४० सेकंदांत वर जाते, पण अडखळत. प्रत्येक नाव ८० पिक्सेल उंचीच्या ओळीत आहे.

आणखी एक. भिक्षावळीत सगळे चालताहेत, कॅमेराही चालतो आहे. तिथे नाव त्या त्या माणसाच्या सोबत सरकत न्यावं का?

कृपया मार्ग दाखवा. घाई नाही, पण दिवाळीच्या आत हवं आहे.

---

सुरसागरकाठ:

ताई, तुमच्या गुजरातीच्या ओळीतच उत्तर आहे. गुजराती लिपीला शिरोरेषा नसते. इंटरलेस्ड चित्रात एक आड एक ओळी आळीपाळीने दाखवल्या जातात. एकाच पिक्सेलची आडवी रेघ त्यातल्या एकाच पाळीत येते, दुसऱ्या पाळीत ती नसतेच. म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा ती उमटते आणि जाते. देवनागरीची शिरोरेषा म्हणजे नेमकी तशी लांबलचक आडवी रेघ. संगणकाचा पडदा पूर्ण फ्रेम दाखवतो, म्हणून तिथे कळलं नाही.

प्रकल्प प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दर फ्रेमला पूर्ण चित्र दाखवणारा, करा: १०८०पी, २५ किंवा ५०. ५० घेतलात तर जुन्या चित्रणातली हालचाल जास्त सलग राहते. मूळ क्लिपना डीइंटरलेस लावा, म्हणजे आळीपाळीच्या ओळींचं पूर्ण चित्र होईल. डीव्हीत खालची पाळी आधी येते, तेवढं तपासा, नाहीतर माणसं चालताना मागेपुढे झटके खातील. आणि फाँट बारीक वजनाचा, म्हणजे पातळ रेघांचा, घेऊ नका. ‘मुक्त’ नावाच्या फाँटचं मध्यम किंवा सेमीबोल्ड घ्या, शिरोरेषा तीन-चार पिक्सेल तरी जाड यायला हवी.

कॅसेटचं चित्र ४:३ आहे ना? १९२०च्या पडद्यावर ते १४४० रुंद बसतं, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. ओढून रुंद करू नका, माणसं जाडी दिसतात. ज्यांना ओळखणारं आज कोणी उरलं नाही, त्यांचे चेहरे तरी मूळच्या प्रमाणात राहू देत.

---

जुना संकलक:

अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. शिरोरेषा शब्दाला बांधून ठेवते, अंतर वाढवलं की ती तुटणारच. किनारीचं कारणही हेच: शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढलेली असतात आणि किनार प्रत्येक अक्षराभोवती वेगळी निघते. किनार काढा, मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्या. लग्न-मुंजीत पांढरी धोतरं आणि सोनेरी काठ इतके असतात की नुसती सावली पुरत नाही.

टाइपरायटरचं असं आहे की संगणकाच्या लेखी ‘श्री’ म्हणजे चार चिन्हं: श, हलन्त, र, दीर्घ ईकार. तो एकेक मोजत जातो. त्याच परिणामात अक्षराऐवजी शब्द निवडायची सोय आहे. ‘श्री’, मग ‘गजानन’, मग ‘प्रसन्न’. मराठी डोळ्याला ते जास्त शोभतंही.

सरकत्या यादीचा हिशेब करू. बेचाळीस ओळी गुणिले ८० म्हणजे ३३६०. त्यात पडद्याची उंची १०८० मिळवा, ४४४० पिक्सेल झाले. ४० सेकंदांच्या १००० फ्रेममध्ये ते बसवलं की एका फ्रेमला ४.४४ पिक्सेल पडतात. अपूर्णांक आला की कधी चार पिक्सेल पुढे, कधी पाच, अडखळणं तेच. फ्रेमला बरोबर चार पिक्सेल धरा: १११० फ्रेम, म्हणजे ४४.४ सेकंद. ५०पी केलंत तर फ्रेमला दोन, वेळ तेवढाच. प्रत्येक नाव सुमारे अकरा सेकंद पडद्यावर राहील, आईंना सावकाश वाचता येईल.

भिक्षावळीत नाव माणसाबरोबर पळवू नका. कीफ्रेमने (ठरावीक क्षणी नावाची जागा नेमून देऊन) जमतं, पण हलत्या चित्रावर हलती अक्षरं म्हाताऱ्या डोळ्यांना वाचवत नाहीत. एक जागा ठरवा, तिथेच हलकेच उमटू द्या, आणि तुम्हाला दोनदा सावकाश मोठ्याने वाचून होईल इतका वेळ ठेवा. मग माणूस चौकटीबाहेर गेला तरी चालेल.

---

मूळ धागाकर्ती:

किती आभार मानू! काल रात्री प्रोग्रेसिव्ह करून काकांच्या टीव्हीवर लावून पाहिलं. शिरोरेषा आता स्थिर आहे, यादीही तेलाच्या धारेसारखी सरकते. एक गोष्ट मात्र तिथेच कळली: तो टीव्ही कडा कापतो. ‘सुलूमावशी’तले दोन्ही उकार कापले गेले, वर नुसती ‘सलमावशी’ राहिली.

आणि नावांची यादी काकांनी पूर्वी टाइप करून ठेवली होती, ती जुन्या, युनिकोडपूर्व (आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फाँटात. चिकटवली की नुसती इंग्रजी अक्षरं येतात. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, आईला ते खटकतात.

---

जुना संकलक:

खालून-वरून १०८ आणि डावी-उजवीकडून १९२ पिक्सेल मोकळे सोडा, म्हणजे दहा-दहा टक्के. जुन्या टीव्हींसाठी हीच चौकट पाळत असत. उकार, रफार सगळे आत राहतील.

‘ल’, ‘श’साठी टिरो देवनागरी मराठी हा फाँट वापरा, त्यात मराठी वळणच मुळात आहे. मात्र त्याचं एकच वजन मिळतं, तेव्हा आकार मोठा ठेवा. यादी बेचाळीस नावांची आहे, रूपांतर करत बसण्यापेक्षा पुन्हा टाइप करा. रूपांतरात जोडाक्षरं हमखास बिघडतात. ‘कऱ्हाडची आत्या’ असं काही असेल तर ‘ऱ्ह’ नीट उमटला का, ते आधी बघा.

---

सुरसागरकाठ:

कॅसेट फायरवायरने (कॅमेरा थेट संगणकाला जोडणाऱ्या केबलने) उतरवल्या असतील तर मूळ डीव्ही फाइल जपून ठेवा. चित्रणाची तारीख आणि वेळ तिच्यात दडलेली असते, पडद्यावर दिसत नसली तरी. कोणता विधी कधी झाला ते त्यावरून काढून शीर्षकात घालता येईल.

---

मूळ धागाकर्ती:

फायरवायरनेच उतरवल्या आहेत! तारीख काढली: भिक्षावळ संध्याकाळी ६:४०ला घरातून निघाली होती. शीर्षकात ‘बडोदे’ लिहिलं आहे. कागदोपत्री १९७४पासून वडोदरा असलं तरी आमच्या घरात कोणी तसं म्हणत नाही. नावं आजपासून आईच्या शेजारी बसून पुन्हा टाइप करते आहे. पंगतीतल्या तीन जणांची नावं मला माहीतच नव्हती, ती तिने सांगितली. यादी आता पंचेचाळीसची झाली, म्हणजे ४६८० पिक्सेल, ११७० फ्रेम, ४६.८ सेकंद. बरोबर ना?

---

जुना संकलक:

अगदी बरोबर.