जुन्या विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवरचे क्रूर रोबो: भीती खरी की धंद्याची?

जुनी_शाई
'फॉरबिडन प्लॅनेट'चं (१९५६) पोस्टर बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. काळाकभिन्न रोबो, त्याच्या हातांवर आडवी पडलेली बेशुद्ध तरुणी. आता सिनेमा बघा. असा प्रसंग त्यात नाहीच! रॉबी नावाचा हा रोबो जेवण बनवतो, नायिकेला कपडे करून देतो, यानावरच्या आचाऱ्याला साठ गॅलन बर्बन व्हिस्की गाळून देतो. मालक त्याला कप्तानावर गोळी झाड म्हणतो, तेव्हा बिचाऱ्याच्या डोक्यात ठिणग्या उडतात आणि तो जागीच ठप्प होतो, कारण माणसाला इजा करणं त्याच्या घडणीतच नाही. अशा गड्याला पोस्टरवाल्यांनी पोरगी पळवणारा राक्षस करून टाकलं.

माझं म्हणणं असं की तीस ते पन्नासच्या दशकांतल्या अमेरिकन मासिकांवरचे खुनशी रोबो म्हणजे 'त्या काळाच्या मनातली भीती' वगैरे काही नाही. स्टॉलवर गिऱ्हाईक थांबवायची ती युक्ती होती. लेखक तर उलट दिशेला निघालेले. बाइंडरची 'आय, रोबॉट' ही कथा १९३९ साली 'अमेझिंग स्टोरीज' मासिकात आली. तिच्यातला रोबो ॲडम लिंक स्वतःची कैफियत स्वतःच मांडतो, खुनाचा आळ त्याच्यावर खोटाच आलेला असतो. विज्ञानकथालेखक ॲसिमॉव्ह तर निर्मात्यावर उलटणाऱ्या यंत्रांच्या गोष्टींना विटलेला, त्यानं १९४२ मध्ये 'रनअराउंड' कथेत रोबोंना तीन नियमच घालून दिले. चित्रं मात्र आहेत तिथंच.

गिरणगावचा_नातू
साफ असहमत. १९३३ साली अमेरिकेत साधारण चारातला एक कामकरी बेकार होता. अशा माणसाला लोखंडी हात दाखवल्यावर त्याच्या पोटात गोळा येणार नाही तर काय होणार? आणि दुसऱ्या बाजूनं कंपन्या काय दाखवत होत्या तेही बघा. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउसनं इलेक्ट्रो नावाचा रोबो उभा केला. सात फुटी धूड, बोलतंय, सिगरेट ओढतंय, लोक हसतायत. पुढच्या वर्षी त्याला स्पार्को नावाचा यांत्रिक कुत्राही आणला. कंपनीचा रोबो गोंडस आणि स्वस्त मासिकातला क्रूर, यातला खोटा कुठला ते तुम्हीच सांगा. मला तरी मासिकवालाच जास्त प्रामाणिक वाटतो.

टी_स्क्वेअर
दोघेही चित्रं सोडून समाजशास्त्रात शिरलात. :) चेक लेखक चापेकच्या 'आर. यू. आर.' नाटकात (१९२०) माणसांवर उलटणारे रोबो आहेत, पण ते पत्र्याचे नाहीत! सेंद्रिय मालापासून बनवलेले, दिसायला थेट माणसांसारखे. १९२८ साली लंडनच्या प्रदर्शनात एरिक नावाचा धातूचा पुतळा उभा राहिला, छातीवर 'आर. यू. आर.' अशी अक्षरं लावून. नाव नाटकाचं, अंग चिलखताचं. म्हणजे पत्र्याचं सोंग प्रदर्शनवाल्यांनी आणि चित्रकारांनी चढवलं.

'अमेझिंग स्टोरीज' १९२६ मध्ये निघालं तेव्हापासूनचा तिचा चित्रकार फ्रँक पॉल मूळचा ऑस्ट्रियाचा, शिक्षण वास्तुरचनेचं. त्याची यंत्रं बघा, एकेक खिळा जागेवर. आणि शेजारची माणसं दुकानातल्या पुतळ्यांसारखी ताठ. अशा चित्रात यंत्र आपोआपच दादा होतं, त्याला मुद्दाम क्रूर करायची गरजच पडत नाही.

मधुरा_के
त्या बेशुद्ध बाईबद्दल कुणीच काही बोलत नाहीये म्हणून लिहिते. रोबोच्या जागी डोळे वटारलेला परग्रहवासी घाला नाहीतर गोरिला घाला, चित्र तेच राहतं. 'थ्रिलिंग वंडर' मासिकावरची चित्रकार बर्गीची मुखपृष्ठं आठवा, अंतराळात बाई धातूच्या काचोळीत! हा सगळा माल तरुण मुलांच्या खिशाकडे बघून रंगवलेला. बेकारीची भीती असती तर रोबोच्या हातात पाना दिसला असता, पोरगी कशाला? धागाकर्त्याशी सहमत.

गिरणगावचा_नातू
@मधुरा, पोस्टरबद्दल मान्य. पण एका पोस्टरवरून सगळ्यांना झोडपू नका. चित्रकार केली फ्रीसचं 'अस्टाउंडिंग' मासिकाच्या ऑक्टोबर १९५३ च्या अंकावरचं मुखपृष्ठ काढून बघा. प्रचंड रोबो, पंजा आपल्याकडे पुढे केलेला, पंज्यात मेलेला माणूस, बोटाला रक्त. आणि चेहरा? भुवया वर गेलेल्या, डोळे भांबावलेले. खेळणं तोडून बापाकडे आणणाऱ्या पोराचा चेहरा आहे तो. हा रोबो दुष्ट नाही, आपण काय केलं ते त्याला कळलेलंच नाही, आणि मला तेच जास्त भयानक वाटतं. हे चित्र नुसत्या खपासाठी काढलं म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

टी_स्क्वेअर
+१. अवांतर: हेच चित्र फ्रीसनं क्वीन बँडच्या १९७७ च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' अल्बमसाठी पुन्हा काढलं, पंज्यात बँडवाले घालून. म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी त्या हातात पडलाय.

जुनी_शाई
फ्रीस थोर, वादच नाही. पण तुमच्याच उदाहरणाचं पुढचं पान उलगडा. त्या अल्बमच्या आतल्या बाजूला तोच रोबो सभागृहाचं छत फोडून पळणाऱ्या गर्दीवर हात टाकतोय. चोवीस वर्षांनी रेकॉर्ड विकायची वेळ आली तेव्हा भांबावलेल्या पोराला परत राक्षसाच्या कामाला जुंपलं की नाही? आणि हे खुद्द फ्रीसच्याच हातानं.

गिरणगावचा_नातू
आतलं चित्र मीही पाहिलंय. गर्दी पळतेय हे खरं, पण चेहऱ्यावर राग कुठाय? राक्षस तुम्हीच ठरवलात त्याला.

मधुरा_के
रागाचं सोडा, छताखालच्या लोकांना विचारा. :)