मदत हवी आहे : घरात कोणी चाललं की रेकॉर्डवरची सुई उडते

मंडळी, पुण्यात पेठेतल्या जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली तुळया, वर फळ्या. आई चहा घेऊन आली की तिसऱ्या पावलाला सुई टुणकन उडते आणि समेची वाट बघणारे आम्ही भलत्याच तानेत जाऊन पडतो.

टर्नटेबलखाली स्पंज घातला, तर उलट जास्तच डोलायला लागलं. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) यांची मिळून स्वतःची कंप्रता साधारण 8 ते 12 हर्ट्झ, पावलांचा हादरा त्याच्याच आसपास किंवा खाली. मऊ गादीने तो अडत नाही, हे नंतर कळलं. मग 2 इंची कडप्पा ठेवला. टेबलावर टिचकी मारली तर आता ऐकू येत नाही, पण उडी तशीच.

भिंतीवर फळी ठोका, असं सगळेच सांगतात. पण भिंत मातीची, ड्रिल घातलं की ओंजळभर भुसा हातात! छताच्या तुळईला साखळ्यांनी फळी टांगली तर? झोपाळ्यासारखी. वर कोणी राहत नाही. कोणी करून पाहिलंय का? की तुळया भिंतीत शिरतात तिथे, अगदी कडेला टेबल सरकवलं तरी भागेल?

सुईचा भार 1.8 ग्रॅम ठेवलाय. तो वाढवा असं कृपया सांगू नका, रेकॉर्डी आजोबांच्या आहेत.