सात नैसर्गिक आश्चर्ये कोणी ठरवली : युनेस्कोने की मोबाइलधारकांनी?

प्रश्न (भूगोलवही)

माझी मुलगी सातवीत असून शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ता करीत आहे. तिच्याकडच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तिकेत ॲमेझॉन, हालाँग उपसागर, इग्वासू धबधबा, जेजू बेट, कोमोडो, पोर्तो प्रिन्सेसाची भूमिगत नदी आणि टेबल माउंटन ही नावे ‘युनेस्कोने २०११ मध्ये जाहीर केलेली सात नैसर्गिक आश्चर्ये’ या मथळ्याखाली छापली आहेत. ही निवड लोकांच्या मतांवर झाली होती असे मला पुसटसे आठवते, कारण सुंदरबनला मत द्यावे असे आवाहन करणारे ईमेल त्या काळात मलाही येत असत. मुलीचा प्रश्न मात्र वेगळाच आहे : या यादीत एव्हरेस्ट का नाही? मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी खुलासा करावा.

उत्तर १ (घाटवाट)

पुस्तिकेतील मथळा चुकीचा आहे. ही स्पर्धा बर्नार्ड वेबर यांनी स्थापन केलेल्या ‘न्यू सेव्हन वंडर्स’ या खासगी संस्थेने घेतली होती. २००७ साली ताजमहालाला ज्या मोहिमेत स्थान मिळाले ती याच संस्थेची, आणि तिच्याशी आपला संबंध नसल्याचे युनेस्कोने त्याच वर्षी स्पष्ट केले होते. गोंधळ कदाचित असा झाला असावा की, निसर्गस्थळांच्या स्पर्धेत ७७ नावांमधून अंतिम २८ निवडणाऱ्या समितीचे प्रमुख फेदेरिको मायोर हे युनेस्कोचे माजी महासंचालक होते. एव्हरेस्ट त्या २८ मध्येच नव्हते, त्यामुळे शेवटच्या फेरीत त्याला मत देण्याची सोयच नव्हती. आपले सुंदरबन होते, पण ते सातांत आले नाही.

‘मतदान’ हा शब्दही येथे जपून वापरावा लागतो. निवडणुकीत एका माणसाला एक मत असते. येथे फोन किंवा एसएमएस करणाऱ्याला पैसे मोजून हवी तितकी मते देता येत होती. ११ नोव्हेंबर २०११ रोजी मतदान संपल्यावर विजेत्यांची नावे वर्णानुक्रमाने सांगण्यात आली आणि कोणाला किती मते पडली याचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. ज्या निकालाची मतमोजणी कोणी पाहिली नाही, त्याला जगाचा कौल म्हणणे मला तरी पटत नाही.

उत्तर २ (जकार्तेकर)

मी २०११ मध्ये नोकरीनिमित्त इंडोनेशियात होतो, त्यामुळे कोमोडोची मोहीम जवळून पाहिली. माजी उपराष्ट्राध्यक्ष युसुफ काल्ला तिचे सदिच्छादूत होते आणि शेवटच्या टप्प्यात एका एसएमएसचा दर एक रुपिया, म्हणजे जवळजवळ फुकट, करण्यात आला. ‘कोमोडो’ एवढाच शब्द लिहून ९८१८ या क्रमांकावर पाठवायचा. आमच्या कार्यालयातील एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत डाव्या हाताने भात खाली-वर करीत उजव्या अंगठ्याने तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवीत बसे. कोमोडो बेट त्याने कधी पाहिले नव्हते. त्याला ते पाहायचेही नव्हते, देश जिंकायला हवा होता. त्यामुळे त्याने बेटाला मत दिले असे म्हणण्यापेक्षा क्रिकेटच्या सामन्यात आपण ओरडतो तसे तो ओरडत होता, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

गंमत अशी की, त्याच वर्षी समारोपाच्या सोहळ्यासाठी मागितलेल्या मोठ्या रकमेवरून तेथील पर्यटन मंत्रालयाचा आणि आयोजकांचा जाहीर वाद झाला होता. मालदीवने तर वाढत्या खर्चाचे कारण देऊन मे महिन्यातच माघार घेतली.

उत्तर ३ (काजळमाया)

जेजूचा किस्सा याहून बोलका आहे. तेथील प्रांतीय सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन फोनवरून इतकी मते दिली की सरकारी बिल सुमारे २,००० कोटी वॉनवर गेले, आणि त्यावरून पुढे कोरियात बराच गदारोळ झाला.

तरीही घाटवाट यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. या सातांपैकी प्रत्येक स्थळ, निदान त्याचा काही भाग, २०११ च्या आधीच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत होता : इग्वासू १९८४ पासून, कोमोडो १९९१ पासून, हालाँग १९९४ पासून. म्हणजे लोकांनी उकिरडा निवडला नाही. फक्त पात्र स्थळांपैकी ज्यांच्या पाठीशी प्रचारयंत्रणा होती ती पुढे गेली. शिवाय तज्ज्ञांची वाटही तितकी निर्मळ नसते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा प्रस्ताव पुढे ढकलावा असा सल्ला आययूसीएन या तज्ज्ञ संस्थेने दिला होता, पण वारसा समितीने तो बाजूला ठेवून ३९ स्थळांचा समूह यादीत घेतला. आपले कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी त्यातलेच. समितीत देशांचे प्रतिनिधी बसतात, तेथेही शब्द टाकला जातोच. फरक इतकाच की तेथे निकष लिखित असतात आणि सल्ला कोणी नाकारला हे नंतर वाचता येते.

भूगोलवही

सर्वांचे आभार. मुलीने मथळ्यातील ‘युनेस्कोने’ हा शब्द खोडून ‘एका खासगी संस्थेने घेतलेल्या मतदानात’ असे लिहिले आहे, आणि प्रत्येक चित्राखाली ते स्थळ वारसा यादीत कोणत्या वर्षी आले हे पेन्सिलीने नोंदवले आहे. तक्त्याच्या कोपऱ्यात तिने एव्हरेस्टही काढले असून त्याखाली ‘अंतिम २८ मध्ये नव्हते’ असे लिहिले आहे. आता तिला एकच काळजी आहे : परीक्षेत हाच प्रश्न आला आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाईंकडे तीच पुस्तिका असली, तर काय करावे?