अनुभव धागा: हाउसिंग बोर्डाच्या भिंतीवर मुलांसोबत चित्र

दिवाळी आटोपली की गोव्यातल्या कॉलन्यांत भिंत रंगवायचं निघतं. मुलांना घेऊन हे काम केलेल्यांनी लिहा. ‘खूप मजा आली’ नको. मापं, प्रमाण, फसलेलं लिहा.

पर्वरीहून
आधी भिंत सुकलीय का ते बघा. चिऱ्याची भिंत पावसाळ्याचं पाणी बरेच दिवस धरून ठेवते. दोन फुटी चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून चिकटवा, दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर थांबा. मागे बाथरूमचा पाइप गळत असेल तर थांबूनही उपयोग नाही, आधी प्लंबर. भिंतीवर मिठाची पांढरी पूड फुटली असेल तर कोरड्या ब्रशनेच झाडा. पाणी मारलं की मीठ विरघळून आत जातं आणि सुकताना रंगाचे पापुद्रे काढत बाहेर येतं. शेवाळ मात्र तारेच्या ब्रशने खरवडून ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायचं. ते मोठ्यांनी, हातमोजे घालून.

म्हापशाहून
20 बाय 8 ची भिंत म्हणजे 160 चौरस फूट. बाहेरचं ॲक्रिलिक इमल्शन लिटरला दोन हातांत साधारण 50 ते 60 चौरस फूट जातं, म्हणजे नुसत्या पार्श्वभूमीला 3 लिटर. स्वस्त म्हणून डिस्टेंपर घेऊ नका, पावसात ओघळतो. स्टेनर, म्हणजे छटेसाठी मिसळायचा गडद रंग, लिटरला 50 मिलीच्या आत. मुलं गडद हवा म्हणून बाटली रिकामी करतात आणि मग रंग हाताला लागत राहतो. भडक लाल-पिवळे उन्हात लवकर उडतात, रेड ऑक्साइड टिकतो. म्हणून कावी या जुन्या भित्तिकलेसारखी लाल-पांढरी नक्षी इथे शहाणपणाची. खरी कावी चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर कोरतात, ते इथे जमणार नाही, स्टेन्सिल करा. जुन्या एक्स-रे फिल्मचं उत्तम होतं. स्पंज जवळजवळ कोरडा हवा, नाहीतर रंग फिल्मखाली शिरतो.

मडगावहून
म्हापसेकर ताईंच्या हिशोबात भर: प्रायमर (रंगाआधीचा थर) वेगळा धरा.
भिंतीवर फुटाफुटाच्या चौकटी आखून मुलांच्या प्रत्येक जोडीला एक देतात, तेव्हा सांधे जुळत नाहीत. चौकटी ओलांडणाऱ्या सगळ्या रेषा आधी एकाच हाताने काढून घ्या. एका वेळी आठच मुलं. लहानांना खालचे तीन फूट, सहा फुटांच्या वर मोठी माणसं. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर. पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतर हात लावू नका, तापलेल्या गिलाव्यावर ब्रशचे फटकारे तसेच राहतात. ते काम सकाळी.

फोंड्याहून
सोसायटीचं परवानगीचं पत्र घेताच, पण ज्यांच्या खिडकीसमोर चित्र येणार त्यांना कच्चं रेखाटन दाखवा. वरच्या बाल्कनीतल्या कुंड्यांचं पाणी कुठे गळतं तेही पाहून ठेवा; नव्या रंगावर मातीचे ओघळ चौथ्या दिवशी दिसतात.
आणि दिवाळीत नरकासुराचा पुतळा करणाऱ्या मुलग्यांची टोळी आयती मिळते म्हणून तेवढीच बोलावली तर मुली बाहेर राहतात. त्यांच्या घरी वेगळं जाऊन सांगावं लागतं, आणि मुलींसाठी वेळ संध्याकाळी चार ते सहाच.